गोझोला एक दिवस: ग्रुपची बस की आपलं आपण?

माल्टाला चार-पाच दिवस जाणारे बहुतेकजण एक दिवस शेजारच्या गोझो बेटासाठी ठेवतात आणि तिथेच अडतात. हॉटेलपाशी येऊन उचलणारी ग्रुपची बस घ्यावी, की बोट पकडून आपलं आपण जावं? मी दोन्ही केलं आहे. पहिल्यांदा सप्टेंबरात बायको आणि मी, दोघंच. दोन वर्षांनी मे महिन्यात आई-बाबांना घेऊन, ग्रुपबरोबर. वेळा मी घड्याळ लावून मोजलेल्या नाहीत. तुमचा दिवस वेगळा जाऊ शकतो, हे धरूनच वाचा.

नुसत्या जाण्याचा विचार केला तर आपलं आपण जाणं उजवं आहे, यात मला शंका नाही. व्हॅलेटाहून 2021 पासून थेट गोझोच्या इम्जार बंदराला जलद बोट जाते. अप्पर बराका बागेतल्या लिफ्टने खाली उतरायचं, धक्क्यावर चालत जायचं आणि पाऊण तासात गोझो. सकाळच्या उन्हात मधाच्या रंगाचे ते तट दोन्ही बाजूंनी मागे सरकत जातात, ते बघण्यासाठी तरी एकदा या बोटीने जावं.

ग्रुपमध्ये हा पाऊण तास मिळत नाही. आमची बस स्लीमाला आठच्या आत आली, मग सेंट ज्युलियन्स, मग बुजिब्बा, मग मेलिहा, अशी हॉटेलं घेत घेत चिरकेव्वाच्या धक्क्यावर पोचायला साडेनऊ वाजून गेले. तिथून पुढे मोठी बोट. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: खाली गाड्या, वर माणसं. पंचवीसेक मिनिटांचं पाणी. मध्ये कोमिनो हे छोटं बेट लागतं आणि त्याच्यावरचा 1618 सालचा बुरूज अगदी जवळून दिसतो. आईला लहान बोटीत मळमळतं, या बोटीत ती वरच्या डेकवर कठड्याला धरून शेवटपर्यंत उभी होती. वारा वाढला की आधी जलद बोट बंद होते, मोठी बहुधा चालू राहते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता गोझोवर उतरल्यानंतरचं. माझा निर्णय झाला तो इथे.

बेट जेमतेम 14 किलोमीटर लांब आणि 7 रुंद. नकाशा बघून आम्हालाही वाटलं होतं, एवढंसं तर आहे, लोकल बसने सहज होईल. पण जवळजवळ सगळ्या बस मधल्या व्हिक्टोरिया गावातून सुटतात (तिथले लोक त्याला रबात म्हणतात) आणि तिथेच परत येतात. आपल्याकडे तालुक्याच्या एसटी स्टँडवरून गावोगावच्या गाड्या सुटतात, तसंच. एका गावाहून शेजारच्या गावाला जायचं तरी आधी तालुक्याला या. त्यात बऱ्याच मार्गांवर तासाला एक गाडी.

आम्ही द्वेय्राला गेलो होतो. तिथली ती प्रसिद्ध दगडी कमान 8 मार्च 2017 ला वादळात समुद्रात कोसळली, पण जागा अजूनही बघण्यासारखी आहे. लहान होडीत बसून कड्याच्या पोटातल्या बोगद्यातून उघड्या समुद्रावर गेलो. बोगद्याच्या तोंडाशी पाण्याचा निळा रंग एकदम बदलतो, तिथे होडीवाला इंजिन बंद करून थांबला. त्या पाच मिनिटांपायी आमची बस गेली.

पुढचा तास आम्ही एका खांबापाशी काढला. सावली नाही, झाड नाही, समोर फड्या निवडुंगाचं कुंपण आणि पायाखाली पांढरा फुफाटा. बाटलीतलं पाणी संपलं होतं. बायको ओढणी डोक्यावर घेऊन रस्त्याकडे बघत होती. हळूहळू माणसं जमत गेली आणि बस आली तेव्हा ती भरून चालली होती. आम्ही कसेबसे आत शिरलो. व्हिक्टोरियाला उतरलो तर शाराची, म्हणजे जगंतियाच्या गावाची, गाडी नुकतीच सुटलेली. जगंतियाच्या देवळांपाशी पोचलो तेव्हा प्रवेश बंद झाला होता. इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं बांधकाम, 1980 पासून जागतिक वारसा, आम्ही एवढ्या लांबून आलेलो, आणि दगडांचं टोक कुंपणावरून बघून परत फिरलो. ते मला अजून लागतं.

ग्रुपमध्येही वेळ जातोच, तो लपवत नाही. आमची गाइड प्रत्येक गोष्ट दोन भाषांत सांगायची. हस्तकलेच्या दुकानात अर्धा तास गेला, तो मला नको होता. जेवण ठरलेलं, शाकाहारी म्हणून टोमॅटोचा पास्ता. आपलं आपण असताना आम्ही वाटाण्याचं सारण भरलेले गरम पास्तित्सी खाल्ले होते, ते कितीतरी चांगले. आणि सिताडेलला, म्हणजे व्हिक्टोरियातल्या किल्ल्याला, पाऊण तासच मिळाला, तो फार कमी. तिथल्या कॅथेड्रलला घुमट नाही, सपाट छतावर नुसता रंगवलेला आहे. पहिल्या वेळी दारापासून वेदीपर्यंत सावकाश चालत तो घुमट कसा खरा वाटतो आणि मग कसा मोडतो, ते आम्ही मनसोक्त बघितलं होतं. तुम्हाला फक्त व्हिक्टोरिया आणि सिताडेलच बघायचं असेल, तर खुशाल बोटीने आणि एका लोकल बसने जा. ग्रुपची गरज नाही.

पण द्वेय्रा, जगंतिया आणि सिताडेल एका दिवसात हवं असेल, तर माझा कल ग्रुपकडे आहे. खोळंबा दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की एकीकडे तो बसमध्ये, सावलीत, बाबांना डुलकी काढता येईल असा होतो, आणि दुसरीकडे उन्हात उभ्याने. जगंतियाला आम्हाला पाऊण तास मिळाला. गाइडने तिथली लोककथा सांगितली: बाकळ्याच्या शेंगा आणि मध खाऊन राहणाऱ्या एका राक्षसिणीने हे दगड वाहून आणले, आणि तेही खांद्यावर लेकरू घेऊन. आई त्या खडबडीत, भोकाभोकांच्या दगडांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाईनेच केलं असणार." परतीच्या बोटीत तिने ती गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

यंदा ताई आणि भावजी जाताहेत. त्यांना मी ग्रुपचंच बुकिंग करायला सांगितलं आहे, फक्त आधी दोन गोष्टी विचारून. एक, बस बोटीवर चढते की माणसं चालत चढतात आणि पलीकडे दुसरी बस उभी असते? दुसरं बरं. संध्याकाळी, विशेषतः रविवारी, इम्जारला गाड्यांची लांब रांग लागते आणि चालत चढणाऱ्यांना तिच्यात थांबावं लागत नाही. आणि दोन, जगंतियाला आत नेतात की बाहेरून दाखवतात? काही सहलींच्या पत्रकात नाव असतं, तिकीट नसतं.