थेट जोडणी की मीडिएटर? एन्झाइम इलेक्ट्रोड बनवण्याआधी

प्रोजेक्टला ग्लुकोज सेन्सर किंवा छोटा बायोफ्युएल सेल (एन्झाइमच्या मदतीने साखरेसारख्या इंधनातून वीज काढणारा) घेतला की लगेच प्रश्न उभा राहतो: एन्झाइममधले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडवर थेट उतरवायचे, की ने-आण करायला मधे मीडिएटर, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारा पदार्थ, घालायचा? थेट मार्ग सुटसुटीत दिसतो, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. पण हे आपल्या आवडीवर नाही, एन्झाइमच्या रचनेवर ठरतं.

प्रथिनातून इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे मधला अडथळा क्वांटम पद्धतीने पार करून, जातो आणि अंतर वाढलं की त्याचा वेग घातांकी पद्धतीने पडतो. साधारण १.४ नॅनोमीटरच्या पुढे कामाचा वेग मिळणं अवघड. सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहणारं छोटं प्रथिन इथे भाग्यवान आहे. त्याच्या हीमची (इलेक्ट्रॉन धरणाऱ्या लोहयुक्त गटाची) कड पृष्ठभागालगत आहे आणि तिच्याभोवती लायसिन या धनभारित अमिनो आम्लाचं कडं आहे. १९७७ मध्ये एडोज आणि हिल यांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर ४,४'-बायपिरिडिल वापरून त्याचा स्वच्छ प्रतिसाद मिळवला. यातलं बायपिरिडिल स्वतः इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही, ते फक्त सायटोक्रोमला नीट टेकायला जागा करून देतं. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

ग्लुकोज ऑक्सिडेजचं तसं नाही. सुमारे १६० किलोडाल्टनचं हे जोडप्रथिन, वर साखरेच्या साखळ्यांचं आवरण, आणि एफएडी, म्हणजे ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन घेणारा त्याचा गट, आत खोल पुरलेला. तरी कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफीनवर त्याची थेट जोडणी झाल्याचे दावे शेकड्यांनी छापले गेले. नायट्रोजनखाली सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री: व्होल्टेज मागे-पुढे फिरवत प्रवाह मोजणं) काढली की −०.४५ व्होल्टच्या आसपास (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडच्या तुलनेत, पीएच ७ ला) शिखरांची देखणी जोडी दिसते. मलाही ती दिसली होती आणि खूप आनंद झाला होता. मग त्याच द्रावणात ग्लुकोज टाकलं. शिखरं होती तशीच राहिली, ऑक्सिडेशनचा प्रवाह वाढला नाही. म्हणजे शिखरं एफएडीची होती, पण एन्झाइममधून सुटून कार्बनला चिकटलेल्या एफएडीची. काम करणाऱ्या एन्झाइमशी त्यांचा संबंध नव्हता.

हवा असेल तर फसगत आणखी वाढते. त्या व्होल्टेजला इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनचं रिडक्शन चालू असतं. ग्लुकोज टाकलं की एन्झाइम ऑक्सिजन खातं, रिडक्शनचा प्रवाह उतरतो आणि कॅलिब्रेशनची रेषही छान येते. सेन्सर म्हणून हे चालेलही, पण ती ऑक्सिजन मोजण्याची जुनीच पद्धत आहे, थेट जोडणी नव्हे. मूळ स्वरूपातल्या ग्लुकोज ऑक्सिडेजबाबत असे दावे टिकत नाहीत, हे बार्टलेट आणि अल-लोलागे यांनी २०१८ मध्ये सविस्तर मांडलं आहे. म्हणून नायट्रोजनखाली ग्लुकोज टाकून पाहिल्याशिवाय पुढचं एकही पान लिहू नका.

ग्लुकोज ऑक्सिडेजच वापरायचं असेल तर मीडिएटर घ्या, संकोच नको. १९८४ मध्ये फेरोसिन या लोहयुक्त मीडिएटरवर चालणारा ग्लुकोज इलेक्ट्रोड आला आणि घरी रक्तातली साखर मोजायच्या उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. संशोधक हेलर यांनी ऑस्मियम या धातूच्या पॉलिमरने एन्झाइमला जणू वायरिंगच केलं. दंडावर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रे हा ग्लुकोज सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. फायदा असा की रेणू कसाही वळलेला असो, अनेक थर असोत, सगळे कामाला लागतात. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साईड मोजायला लागतं तितकं, ०.६–०.७ व्होल्टचं, व्होल्टेज द्यावं लागत नाही, त्यामुळे व्हिटॅमिन सी आणि पॅरासिटामॉलची लुडबुड कमी होते. तोटेही खरे आहेत: सुटा मीडिएटर झिरपून जातो, ऑक्सिजन स्पर्धा करतो, आणि बायोफ्युएल सेलमध्ये थोडं व्होल्टेज वाया जातं. ऑक्सिजनचा त्रास टाळायचा असेल तर एफएडी असलेलं ग्लुकोज डीहायड्रोजनेज बघा.

थेट मार्ग ज्यांना शोभतो अशी एन्झाइम वेगळीच. सेलोबायोज डीहायड्रोजनेजला हीम असलेला हलता भाग असतो, तो फ्लेविनकडून (एन्झाइममधल्या एफएडीसारख्या गटाकडून) इलेक्ट्रॉन घेऊन इलेक्ट्रोडला देतो. फ्रुक्टोज डीहायड्रोजनेजमध्ये हे काम हीम सी करतं. ऑक्सिजनचं रिडक्शन होतं त्या इलेक्ट्रोडसाठी लॅकेज आणि बिलिरुबिन ऑक्सिडेज, त्यांचं टी१ तांबं (इलेक्ट्रॉन आत घेणारा तांब्याचा अणू) पृष्ठभागाजवळ असतं. बुरशीपासून मिळणारं लॅकेज सहसा आम्लधर्मी द्रावणात खुलतं आणि क्लोराईडने मंदावतं. पीएच ७ ला काम असेल तर बिलिरुबिन ऑक्सिडेज बरं.

माझी पसंती सांगतो. बायोफ्युएल सेल करत असाल तर फ्रुक्टोज डीहायड्रोजनेज आणि लॅकेज पीएच ५ ला एकाच भांड्यात ठेवा. क्योटोच्या गटाने २००७ मध्ये ही जोडी वापरून थेट जोडणीचा सेल चालवून दाखवला. दोन्ही इलेक्ट्रोड आपापल्या पदार्थालाच ओळखतात, त्यामुळे मधे पडदा लागत नाही आणि मीडिएटरही नाही.