तीन जोड वायपर आणि एक काच

पावसाळ्यात ओतूर भागातील टोमॅटोचे क्रेट घेऊन माझी पिकअप आठवड्यातून चार वेळा माळशेज घाट उतरते आणि वाशीच्या बाजार समितीत जाते. संध्याकाळी भरलेली गाडी रात्री मढ सोडून घाटात शिरते आणि माल उतरवून पहाटे परत फिरते. जाताना समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात, तर येताना रस्ता पूर्वेकडे असल्यामुळे, ढग नसतील तर, मुरबाडच्या आसपास उगवता सूर्य थेट काचेवर येतो. या एका हंगामात मी वायपरच्या तीन जोड्या वापरल्या आणि शेवटी पुढची काच बदलली. त्या खर्चातील कोणता पैसा कामी आला आणि कोणता वाया गेला, हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली जोडी रस्त्यालगतच्या दुकानातून २८० रुपयांना घेतली. नेहमीचा लोखंडी सांगाडा आणि १८ इंची रबर, असा तो साधा माल होता. पंधरा दिवसांतच नेमका चालकाच्या नजरेसमोर पंख्याच्या आकाराचा पाण्याचा पडदा राहू लागला आणि वर जाताना ब्लेड थडथड उडू लागले. दोष स्वस्त मालाचा आहे असे समजून मी १,१५० रुपयांची बिनसांगाड्याची सिलिकॉनची जोडी घेतली. हे ब्लेड फिरता फिरता काचेवर एक पातळ थर सोडते, त्यावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात आणि ते वाऱ्याने उडून जातात. मोकळ्या महामार्गावर, गाडी साठच्या पुढे असताना, हा दावा खरा ठरला आणि वायपर बंद ठेवूनही पुढचे स्वच्छ दिसत होते. मात्र भरलेली पिकअप घाटात वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही. त्या वेगाला थेंब उडत नाहीत, जागच्या जागी टपोरे होऊन बसतात, आणि समोरून ट्रक आला की प्रत्येक थेंबात एक दिवा पेटतो. शिवाय थडथड कमी होण्याऐवजी वाढली. कारने फिरणाऱ्यांना या ब्लेडची शिफारस मी करीन, पण घाटात माल वाहणाऱ्यांना करणार नाही.

जुने चालक काचेवर ओली तंबाखू चोळतात, त्याचे मर्म मला या निमित्ताने कळले. तंबाखू चोळल्याने थेंब मोडतात आणि पाण्याचा सपाट पापुद्रा होतो, म्हणजे महागडे ब्लेड जे करते त्याच्या बरोबर उलट. सावकाश चालणाऱ्या गाडीला तेच सोयीचे पडते. परंतु वायपरच्या शे-दीडशे फेऱ्यांत तो लेप धुऊन जातो, आणि माळशेजमध्ये जिथे धबधब्याचे पाणी सरळ टपावर कोसळते, तिथे त्याचा काहीच उपयोग होत नाही.

अखेर आळेफाट्याकडच्या एका काचवाल्याकडे गाडी नेली. दुकान म्हणजे पत्र्याचा एक गाळा आणि बाहेर कडुलिंबाखाली उभे राहील तेवढे एक वाहन. मी नवीन ब्लेड मागितले, तर मेस्त्रींनी ते न देता आधी वायपरचा दांडा उचलून बाजूने पाहिला. रबराची कड काचेवर काटकोनात टेकली पाहिजे, म्हणजे वर जाताना ती खाली झुकते आणि खाली येताना वर झुकते. माझा दांडा पिळला गेल्यामुळे कड एकाच बाजूला झुकून राहत होती आणि उलट्या फेरीत अडखळत होती. त्यांनी दोन पक्कडींनी दांडा धरून हलकासा पीळ दिला, काचेवर पाणी मारले आणि वायपर चालू केला. थडथड त्याच क्षणी थांबली. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, आणि मी मात्र तोवर दोन जोड्यांचे चौदाशे तीस रुपये घालून बसलो होतो.

धूसरपणा तरीही गेला नव्हता. मेस्त्रींनी केबिनमध्ये बसून मोबाइलची बत्ती काचेला तिरकी धरली, तेव्हा चाळणीतून पीठ सांडावे तसे असंख्य बारीक ठिपके चमकले. क्रशरची खडी आणि कच घेऊन ताडपत्रीविना धावणाऱ्या डंपरांच्या मागे वर्षानुवर्षे गाडी चालवल्याचा तो हिशेब होता. त्यात कोरड्या काचेवर धुळीसकट वायपर फिरवल्याने उमटलेले अर्धगोल ओरखडेही होते. "पॉलिश करून द्या," असे मी म्हणालो. त्यांनी माझेच नख त्या ओरखड्यावरून फिरवायला लावले, ते अडकले. "नख अडकतंय ना दादा? मग पॉलिशचा नाद सोडा. तेवढी काच घासली तर समोरचा रस्ता वाकडा दिसेल," असे त्यांनी सरळ सांगितले. पॉलिशचे पैसे मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार मला या दुकानात भेटला, हे नोंदवणे भाग आहे.

पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असल्याने दगड लागला तरी तडा जातो, पण काच अंगावर कोसळत नाही. बाजूच्या काचा टफन्ड असतात, त्या फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होतात. दुकानात दोन प्रतीच्या काचा होत्या. मी कोपऱ्यात आयएसआय चिन्ह कोरलेली घेतली. बसवण्याच्या मजुरीसह ५,२०० रुपये झाले. बिनशिक्क्याची दीड हजाराने स्वस्त होती, ती मेस्त्रींनीच मागे ठेवली. थोडी रंगीत फिल्म लावावी असे माझ्या मनात होते, पण नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, आणि रात्रीच्या घाटात उजेड कमी करून घेण्यात शहाणपण नव्हते.

काच बसवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. काचेच्या कडेने बसणारी रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, काचेला चढवून तिच्या खाचेत भोवताली दोरी भरतात, साबणाचे पाणी लावून काच चौकटीला टेकवतात, मग एक जण बाहेरून तळहातांनी दाबतो आणि दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढतो, तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत येत जाते. दोन तासांत काम झाले. पण इथेच दुकानाची एक चूक झाली. बीडिंग जुनीच वापरली गेली आणि आठवड्याने उजव्या कोपऱ्यातून पाणी टपकून माझा गुडघा भिजू लागला. परत गेल्यावर त्यांनी वाद न घालता नवीन बीडिंग बसवली, मजुरी घेतली नाही, रबराचे ६५० रुपये मात्र घेतले. हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर मी तेव्हाच दिले असते.

तिसरी जोडी त्यांच्याकडचीच, साध्या सांगाड्याची, ४२० रुपयांची. दोन महिने झाले, एक रेघ उमटत नाही.

काचेला आतून धरणारी वाफ हा वेगळा विषय आहे आणि त्यावर दुकानाकडे उपाय नाही. माझ्या गाडीला एसी नाही. ओले कपडे घातलेली दोन माणसे केबिनमध्ये बसली की घाटाखालच्या टोकावडे गावापर्यंत काच पांढरी होते, म्हणून ब्लोअर काचेकडे वळवून दोन्ही खिडक्या दोन बोटे उघड्या ठेवतो. केबिनची मागची काच तर क्रेटची चौथी थप्पी लागताच नसल्यासारखीच होते. मागचे सगळे बाजूच्या आरशांवर येते, त्यासाठी मेस्त्रींनी सुचवलेला १२० रुपयांचा छोटा गोल आरसा डावीकडे चिकटवून घेतला आहे. तो दुचाकी दाखवतो, पण ती आहे त्यापेक्षा लांब दाखवतो.

बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. जाणाऱ्यांनी ते मागून घ्यावे, आणि बीडिंग नवी की जुनी, हे काच उतरवण्याआधी विचारावे.