माउसविना सात महिने: शॉर्टकट कळांचा अनुभव

पीक विम्याची ३१ जुलैची मुदत चार दिवसांवर आली असताना माझ्या सेवा केंद्रातील माउसची वायर उंदराने कुरतडली. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात माउस विकत मिळत नाही आणि तालुक्याला जायचे म्हटले की अर्धा दिवस मोडतो, वर अडीचशे रुपये जातात. रांगेत सोयाबीनचे कागद घेऊन बसलेले एक काका म्हणाले, "काहून भाऊ, उंदरानं उंदीरच खाल्ला काय?" सगळे हसले, मला हसू आले नाही.

तोवर शॉर्टकट, म्हणजे माउसऐवजी दाबायच्या कळा, ही संगणकाच्या क्लासमधल्या मुलांनी मिरवायची गोष्ट, असेच माझे मत होते. त्या चार दिवसांत ते बदलले. ब्राउझर अडकला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने थेट टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडावी, बाणाच्या कळेने अडकलेल्या नावावर यावे आणि डिलीट दाबावे, एवढ्यात काम पुढे सरकत असे. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबले की उघडणारी विंडोज-एक्सची यादी तर २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे, पण मी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. तीत एम दाबले की डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी), के दाबले की डिस्क मॅनेजमेंट (डिस्कच्या भागांची मांडणी) आणि दोनदा यू दाबले की संगणक बंद. वीज गेल्यावर माझा म्हातारा यूपीएस जेमतेम चार मिनिटे तग धरतो, त्यामुळे या दोन यूंची किंमत मला इतरांपेक्षा जास्त कळते.

खरा आनंद प्रिंटरने दिला. सातबाऱ्याच्या प्रिंट अडकून राहिल्या, तेव्हा विंडोज-आर दाबून उघडणाऱ्या आज्ञेच्या चौकटीत 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' हे इंग्रजीत लिहिले, प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरवर आलो, शिफ्ट-एफ१० ने मेनू उघडून रीस्टार्ट केले आणि प्रिंटर सुरू झाला. गेल्या वर्षी तालुक्यातील एका दुरुस्तीवाल्याने नेमके एवढेच करून, 'सर्व्हिसिंग' म्हणून ३०० रुपये घेतले होते. ते आठवले की आजही जेवण गोड लागत नाही.

आता तक्रार, आणि ती एकच आहे. आमचे अर्ज मराठीत भरायचे असल्याने कळफलक दिवसभर इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर असतो. विंडोज-आर दाबून घाईत सीएमडी (आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडणारी अक्षरे) लिहावे, तर सीवर म, एमवर स आणि डीवर हलन्त असल्यामुळे चौकटीत 'मस्' उमटते, आणि एंटर मारला की असे काही सापडत नाही, नाव नीट तपासा, असे विंडोज मलाच सुनावते. हे दिवसातून दहा वेळा घडते. केवळ आज्ञा लिहिण्यासाठी असलेली चौकट आपण होऊन इंग्रजीवर का येऊ नये? आधी विंडोज-स्पेस दाबून भाषा बदला, मग लिहा, मग पुन्हा विंडोज-स्पेस दाबून अर्जाकडे वळा. वाचलेला वेळ तिथेच खर्च होतो. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय कळफलकाच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे, हे मला डिसेंबरात कळले. ती चालू केल्यापासून त्रास निम्म्यावर आला, पण गेला नाही. पडद्याच्या वर 'आधी स्पेस' अशी चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे, आणि ती काढायला मी धजत नाही.

अर्जदाराचा फोटो कापणे मात्र कळांनी नीट जमत नाही. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नंबर लॉक एकत्र दाबले की उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलतो आणि ५ ने क्लिक होतो. पण एका फोटोला एवढा वेळ लागतो की समोरचा माणूस तेवढ्यात चहा पिऊन येतो. त्यामुळे यंदाचा कापूस विकला गेला की माउस घेणार आहे, आणि त्याची वायर मोटारीच्या उरलेल्या पीव्हीसी नळीतून ओढून घेणार आहे.