जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत वकिली मदत : भाड्याच्या घराच्या दाव्यात आलेला अनुभव

गेल्या पावसाळ्यात आईच्या नावाने समन्स आले, तोवर आमच्या घरातल्या कोणीही कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. आई वाड्यातल्या दोन खोल्यांत ३८ वर्षे भाड्याने राहते आणि भाडे महिना २४० रुपये आहे. वाडा विकला गेल्यावर नव्या मालकांनी भाडे घेणे बंद केले, अकरा महिने मनिऑर्डरी परत पाठवल्या आणि मग भाडे थकले म्हणून जागा खाली करून मिळण्याचा दावा लावला. ज्या वकिलांकडे आम्ही आधी गेलो, त्यांची फी आईच्या तीन महिन्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाएवढी होती. शेजारच्या एका ताईंनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितले नसते, तर आम्ही कर्जच काढले असते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार ही मदत मिळते. त्यातल्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की आम्हाला खिडकीवर पहिल्याच दिवशी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगून परत पाठवले गेले. आईला तो लागतच नव्हता. ज्यांना उत्पन्न दाखवावे लागते, त्यांचेही प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, अशी तरतूद याच कायद्यात आहे. दुसऱ्या दिवशी सचिवांना प्रत्यक्ष भेटल्यावर अर्ज लगेच दाखल करून घेतला गेला. परंतु एकटी आलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई त्या खिडकीवरून कायमची माघारी गेली असती, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

सहाव्या दिवशी प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे मोफत मदतीसाठीच्या वकिलांच्या यादीवरच्या वकीलबाई नेमून मिळाल्या आणि खरे कौतुक त्यांच्या कामाचे आहे. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयामागे जपून ठेवलेल्या मनिऑर्डरीच्या पावत्या त्यांनी टेबलावर महिन्यांच्या क्रमाने मांडल्या, ‘घेण्यास नकार’ असा शेरा असलेली पाकिटे वेगळी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘काकू, समन्स हातात कोणत्या तारखेला पडले?’’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत थकीत भाडे, त्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढेही भाडे नियमित भरत राहिले, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. आमचे २९ दिवस आधीच गेले होते. त्यांनी तिथेच कागदावर हिशेब केला आणि त्याच आठवड्यात रक्कम भरण्याचा अर्ज व लेखी कैफियत (दाव्याला आमचे लेखी उत्तर) दोन्ही दाखल केले. भाड्याची रक्कम अर्थातच आमची. परंतु वकिलाची फी, टायपिंग किंवा नकला यांसाठी आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही. या यादीवरच्या एखाद्या वकिलाने पैसे मागितलेच, तर ते न देता सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

उणीव सांगायची तर ती तारखांची. दोन तारखांना वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि त्यांच्याऐवजी आलेल्या सहकाऱ्यांना प्रकरणाची काहीच माहिती नव्हती. या कामाचे मानधन तुटपुंजे असते हे मला समजते; तरीही ज्याचे घर पणाला लागले आहे, त्याला प्रत्येक तारीख सारखीच महत्त्वाची असते. लोकअदालतीत तडजोड करण्याविषयीही आम्हाला विचारले गेले. तिथल्या निवाड्यावर अपील करता येत नाही, हे वकीलबाईंनी आईला दोनदा समजावून सांगितले आणि सही करण्याचा आग्रह धरला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनी मात्र आमच्यासारखे २९ दिवस घालवू नयेत. करार संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्यांकडून (अशी प्रकरणे ऐकायला भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून) समन्स आले, तर बाजू मांडण्याची परवानगी ३० दिवसांच्या आत मागावी लागते. ती मागितली नाही तर जागा खाली करण्याचा आदेश होतो. समन्स, करार आणि भाड्याच्या पावत्या घेऊन त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरण गाठावे, किंवा १५१०० या मदत क्रमांकावर फोन करून जवळच्या तालुका विधी सेवा समितीची चौकशी करावी.

आमचा दावा अजून चालू आहे. आई दर महिन्याला २४० रुपये कोर्टात भरते आणि घरी येऊन ती पावती आधीच्या पावत्यांवर टाचणीने लावते.