पायलट बेअरिंग काढून बुश टाकला: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या क्लच शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकमध्ये (मुख्य फिरत्या दांड्यात) जिथे टेकतं, तिथलं छोटं बेअरिंग म्हणजे पायलट. माझ्या जीपमध्ये तिथे बारीक सुयांचं नीडल बेअरिंग होतं, आता धातूची साधी नळी म्हणजे बुश आहे. नीडल बेअरिंग आता परत जाणार नाही, हे आधीच सांगतो. गाडी जुनी डिझेल, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे नेते. सात रस्ता चौकात क्लच दाबून पहिला गिअर टाकला की किर्रर्र आवाज, क्लच सोडला की बंद. बेअरिंग टाकून वर्षही झालं नव्हतं. ज्या गॅरेजने बसवलं ते म्हणे, "रिलीज बेअरिंग गेलंय, आमचा काय संबंध?"

संबंध कसा नाही? रिलीज बेअरिंग म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग; ते पेडलवर थोडा दाब पडला तरी ओरडतं. माझा आवाज पेडल पूर्ण खाली आणि गाडी गिअरमध्ये असतानाच यायचा. तेव्हा क्लच शाफ्ट उभा असतो, क्रँक आयडलला मिनिटाला ८०० च्या आसपास फिरतो आणि मधला सगळा फरक पायलट सोसतो. क्लच सोडला की दोघं एकत्र फिरतात, झीज नाही. एवढं सांगूनही मजुरी माझ्याच खिशातून गेली.

गिअरबॉक्स दुसरीकडे उतरवला. बेअरिंगचं सील फाटलेलं, ग्रीसची काळी पूड, आणि सुयांनी शाफ्टच्या टोकावर पाडलेले बारीक चरे. राग त्या चऱ्यांचा आला. दोन-अडीचशेचं बेअरिंग मरताना शाफ्टला धरतं. बुश मऊ, तो स्वतः झिजतो.

माझ्या क्रँकमध्ये दोन्ही बसतात. मिस्त्री म्हणाले, "गनमेटलचा लेथवर करून टाकू की ओ, साहेब." मी नको म्हटलं. गनमेटल म्हणजे तांब्याचा भरीव मिश्रधातू, त्यात स्वतःचं तेल नसतं. ब्राँझची भुकटी दाबून, भाजून केलेल्या बुशमध्ये जवळपास पाचवा हिस्सा तेल मुरलेलं असतं. गरम झाला की तेल बाहेर, थंड झाला की परत आत. तरी मिस्त्रींचं बोट ग्रीसच्या डब्यात गेलंच! हात धरला. ग्रीसने छिद्रं बुजतात. बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवला, शाफ्टचं टोक नख अडकेनासं होईपर्यंत एमरीने घासलं. ठोकून बसवल्यावर बुशचं भोक किंचित आवळतं, म्हणून तो आधी सुट्या शाफ्टवर फिरवून पाहायचा.

सुरुवातीला सकाळी रिव्हर्स टाकताना खरखर व्हायची, तेव्हा बेअरिंगच बरं होतं असं वाटलं. पुढे बुश रुळला. मे महिन्याच्या उन्हात, तुळजापूर घाटात, भरल्या गाडीला आवाज नाही.

बेअरिंगवरचा राग मात्र थोडा उतरलाय. कंपनीने बेअरिंगच दिलं असेल तर चांगल्या सीलचं तेच घ्या, सीलची बाजू गिअरबॉक्सकडे, आणि बसवताना मार फक्त बाहेरच्या रिंगवर. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच मजुरीत बदलून घ्या; मी घेतलं, मिस्त्रींनी वेगळे पैसे लावले नाहीत.