वॉल्टर ब्रेनन: इंटरनेट अर्काइव्ह की डिस्क?

"मामा, वॉल्टर ब्रेननचे सिनेमे फुकट बघू की डिस्क मागवू?" भाचीने विचारलं. सहायक भूमिकांसाठी ३ ऑस्कर मिळवलेला हा नट. मला तर प्रश्नच फार आवडला.

खर्चात इंटरनेट अर्काइव्ह (जुने सिनेमे, पुस्तकं मोफत देणारी वेबसाइट) पुढे. ब्रेननचा 'मीट जॉन डो' (१९४१) अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे तो मोफत बघता येतो. पण फिरणाऱ्या बऱ्याच प्रती झिजलेल्या. भर पावसातल्या त्या सभेत छत्र्यांचा नुसता काळा गोळा दिसतो, आवाजात खरखर. आणि ब्रेननची अर्धी कला तर त्याच्या चिरक्या, बोळक्या तोंडाच्या बोलण्यात! शब्द निसटला की मजा गेली. चांगल्या डिस्कवर सबटायटल्स असतात. 'रिओ ब्राव्हो'मधला (१९५९) त्याचा लंगडा स्टम्पी तुरुंगात बसून कुरकुरतो, त्यातला शब्द न् शब्द कळतो.

डिस्कला पैसे पडतात, प्लेअरही लागतो. परदेशातून डीव्हीडी मागवताना रीजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा) बघावा, भारताचा ५ आहे. मात्र घेतली की कायमची आपली.

नुसती ओळख हवी असेल, तर अर्काइव्ह पुरे. अभिनय बारकाईने बघायचा, तर डिस्क. भाची नाटकात काम करते. तिला मी 'रिओ ब्राव्हो'ची डिस्कच घ्यायला सांगितली.