मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’: दोन वर्षांच्या वापरानंतर

एम.ए.पर्यंत मराठी माध्यमातून शिकून पीएच.डी.चा प्रबंध मात्र इंग्रजीत लिहायला घेतलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी वाचन जड जात नाही. टिपणेही बरी निघतात. परंतु चाळीस-पन्नास लेखांच्या टिपणांतून पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण उभे करायचे म्हटले, की ‘अमक्याने असे म्हटले, तमक्याने तसे म्हटले’ असा हजेरीपट तयार होतो. महिला बचत गटांवरील माझ्या प्रकरणाचा पहिला मसुदा मार्गदर्शकांनी परत केला, तेव्हा समासात एवढाच शेरा होता: ‘हा आढावा नव्हे, यादी आहे.’ विभागातल्या एका ज्येष्ठ संशोधक ताईंनी त्याच आठवड्यात हे संकेतस्थळ दाखवले.

मँचेस्टर विद्यापीठातील जॉन मॉर्ली यांनी तयार केलेला हा वाक्यांशांचा संग्रह मोफत आहे आणि त्यासाठी नावनोंदणीही करावी लागत नाही. सुरुवातीचे वाक्यांश त्याच विद्यापीठातील शंभर पदव्युत्तर प्रबंधांतून वेचलेले होते. हे वाक्यांश अकारविल्हे न लावता हेतूनुसार लावले आहेत, ही मला त्याची मुख्य खुबी वाटते. विषयाची ओळख करून देणे, पूर्वीच्या संशोधनाचा हवाला देणे, पद्धती सांगणे, निष्कर्ष मांडणे असे प्रबंधाच्या क्रमाने जाणारे विभाग आहेत. शिवाय सावधपणे विधान करणे, टीका करणे, तुलना करणे यांसाठी वेगळी पाने आहेत. संशोधनपर लेखनातील प्रत्येक भाग कोणते काम करतो याची फोड करणारे भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांचा प्रभाव या रचनेवर आहे. त्यामुळे पान उघडण्याआधीच ‘या वाक्याने मला नेमके काय करायचे आहे?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात नेमका तोच विचार झालेला नव्हता.

आढाव्यासाठी सर्वांत उपयोगी पडला तो पूर्वसंशोधनाचा हवाला देण्याचा विभाग. एखाद्या एकट्या अभ्यासाने काय केले हे साध्या भूतकाळात, आजवर साचत आलेल्या संशोधनाविषयी पूर्ण वर्तमानकाळात आणि सर्वमान्य झालेले ज्ञान साध्या वर्तमानकाळात लिहायचे, ही इंग्रजीची शिस्त तिथे उदाहरणांच्या गटांमधूनच दिसते. ‘केले’ आणि ‘केले आहे’ यांतला फरक आपल्यालाही कळतो; तरीही नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट-बँक जोडणीचा कार्यक्रम सुरू केला हे वाक्य आणि त्यानंतर अनेकांनी त्याचे परिणाम तपासले आहेत हे वाक्य, दोन्ही मी एकाच काळात लिहून टाकली होती. दुसरी गोष्ट कर्त्याची. वाक्य संशोधकाच्या नावाने सुरू करायचे की विषयाने, यानुसार इथे वेगवेगळे नमुने दिले आहेत. संशोधकांची नावे कंसात ढकलून ‘कर्जाची परतफेड’, ‘घरातील निर्णयाधिकार’ असे विषय वाक्याच्या तोंडाशी आणल्याबरोबर माझे परिच्छेद माणसांविषयी न राहता प्रश्नाविषयी बोलू लागले, आणि एकमेकांशी न पटणारे दोन निष्कर्ष शेजारी आल्यामुळे त्यांतला विरोध मलाच प्रथम दिसला. (‘डॉक्टर अमुक यांनी’ असे आदराने लिहिण्याची सवय असलेल्या हाताला नुसते आडनाव लिहिणे मात्र आजही थोडे उद्धट वाटते.)

उणीव आहे ती क्रियापदांच्या वजनाबाबत. पर्याय भरपूर आहेत, पण ‘आर्ग्यू’, ‘क्लेम’, ‘सजेस्ट’, ‘डेमन्स्ट्रेट’ यांपैकी कोणता शब्द लेखकाला कुठे उभे करतो, हे मोफत पानांवरून फारसे उमगत नाही. मराठीत ‘प्रतिपादन केले’, ‘दावा केला’, ‘सुचवले’ आणि ‘दाखवून दिले’ यांतला फरक कानालाच कळतो. इंग्रजीत तो कान तयार झालेला नसतो. ज्यांच्या निष्कर्षावर माझा सगळा युक्तिवाद उभा होता, त्यांच्याविषयी मी ‘क्लेम्ड’ लिहिले, तेव्हा मार्गदर्शकांनी विचारले, ‘यांच्यावर तुमचा विश्वास नाही का?’

तयार वाक्यांश वापरणे म्हणजे वाङ्मयचौर्य का, हा प्रश्न विभागात हमखास निघतो. हे वाक्यांश आशयनिरपेक्ष असल्याने ते वापरण्यात गैर नाही, अशी संकेतस्थळाची भूमिका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दसमूह तपासणीतून वगळलेले आहेत. इथले बहुतेक सांगाडे त्या मर्यादेत बसतात. माझी हरकत वेगळीच आहे. हे सांगाडे वाटतात तितके रिकामे नसतात. ‘या विषयावर आजवर फार थोडे संशोधन झाले आहे’ अशा अर्थाचा एक ऐटदार वाक्यांश मी तिथून उचलून प्रकरणाच्या शेवटी बसवला होता. संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी शांतपणे मोबाइलवर ‘शोधगंगा’ हा भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडला आणि माझ्याच विषयावरचे तीन प्रबंध वाचून दाखवले. वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि चौर्यतपासणीतूनही सहज पार झाले असते. ते लिहिण्यासाठी करायला हवा तो शोध तेवढा मी घेतला नव्हता.

त्यानंतर माझा क्रम बदलला. प्रत्येक परिच्छेदाने काय सांगायचे ते आधी मराठीत दोन ओळींत लिहितो, मग मसुदा इंग्रजीत उतरवतो आणि सांधा अडला तरच हे संकेतस्थळ उघडतो. ज्यांचे वाचन झाले आहे पण वाक्य सुरू होत नाही, त्यांनी ते जरूर वापरावे. वाचन व्हायचे असलेल्यांना त्याचा फायद्यापेक्षा तोटाच अधिक होईल. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण क्रियापदांसाठी कापला आहे. विस्तृत पीडीएफ आवृत्ती विकत मिळते, मात्र आढाव्याच्या प्रकरणापुरती मोफत पाने पुरल्याने ती मी घेतली नाही.